जॉब कार्ड

भोसरीत समुद्र नाही.
खाऱ्या पाण्यात मी पाय बुडवला तो एकदाच,
शाळेच्या सहलीत, अलिबागला, बूट हातात धरून.

आमच्या शेडमध्ये मासेमारी नौकांसाठी खोके बनतात.
पांढरा डबा, वर काळी अँटेना,
झाकणाआड लाल बटण.
बटणाचे चार टाके माझे.
चार वर्षं तेवढंच: चिमटा, तार, धूर, फुंकर.
कुठल्या नौकेवर कोण बसवतं, कधी विचारलं नव्हतं.

त्या रात्री फुगे रजेवर, म्हणून पडद्यासमोर मी.
ऑक्टोबर सरत आलेला. खंडेनवमीचा झेंडू
मशीनवर वाळून तपकिरी झालेला,
समोरच्या गाळ्याचा आकाशकंदील
तारेवर कोलांट्या घेत होता.
पत्रक दुपारीच आलं होतं:
खोल समुद्रातल्या नौकांनी परतावं.
ठिपके परतत होते,
गुरं परततात तसे, रेंगाळत,
मिरकरवाड्याकडे, जयगडकडे, हर्णैकडे.

एक परतत नव्हता.
नूर-ए-दर्या. खोका अकराशे सत्तेचाळीस.
साडेनऊला किनाऱ्याकडे तोंड.
दहाला तिथंच.
साडेदहाला वायव्येला सरकलेला, आडवा,
कुणी निघालंय असा नव्हे,
कुणी ओढून नेतंय असा.
अकराला लाल झाला.

पडद्यावर लाटा नसतात.
नुसता निळा, सपाट,
नव्या फ्लॅटच्या भिंतीसारखा.

तटरक्षक दलाला फोन लावला, आकडे वाचले.
"मॅडम, बोलताय कुठून?"
"पुण्याहून."
पलीकडे क्षणभर काहीच नाही.
मग: "जहाज निघतंय, पण पाच तास धरा.
जवळ कोण आहे बघा."

जवळ होती भैरीकृपा, हर्णैची,
नऊ मैलांवर, घरच्या वाटेला लागलेली.
तिला निरोप पाठवला.
अर्धा तास ती घरीच जात राहिली.

साडेबाराला वळली.
पडद्यावर ते वळण नखाएवढं होतं.
तिकडे दामोदर पावसे नावाच्या माणसानं
सहा खलाशांना विचारून, की न विचारता,
वावधानात सुकाणू फिरवलं होतं.

एकला सहा मैल. दीडला दोन.
दोनला दोघांपैकी कुणीच उमटलं नाही.

मी नोंदवही काढली.
अकराशे सत्तेचाळीस: चौदा फेब्रुवारी.
त्या दिवशी काय होतं मला?
ताप? लाईट गेलेली? ओंकारच्या शाळेतून फोन?
टाका कोरडा राहिला की वरून चकचकीतच दिसतो,
हलला की सुटतो.
आणि तिथं सगळंच हलत होतं.
मी बसल्या जागी चार टाके पुन्हा घातले, मनात,
एकेक, फुंकर मारून.

अडीचला दोन ठिपके.
एकमेकांना चिकटलेले, वेग तीन नॉट,
पूर्वेकडे.

सकाळी तांडेलाचा फोन आला, इब्राहिम होडेकर.
आवाज बसलेला, दोनदा तुटलेला.
पंख्यात जाळं अडकलं होतं, इंजिन जाम.
पावशांचा दोर दोन वेळा तुटला,
तिसऱ्यांदा त्यांनी नांगराचाच फेकला.
आठही माणसं आहेत. एकाचा दात गेला.
मग म्हणाले, "तुमच्याकडं पाऊस हाय?"
"नाही. वारा आहे थोडा."
"हां, वारा," ते म्हणाले,
ओळखीतल्या कुणाचं नाव निघावं तसे.

जानेवारीत खोका दुरुस्तीला आला.
उघडला तर कडेनं मिठाची पांढरी रेघ,
स्क्रूखाली एक खवला, वाळलेला, पारदर्शक.
टाके चारही घट्ट. दोन हिरवट पडलेले.
जॉब कार्डावर कुणीतरी निळ्या पेनानं लिहिलं होतं:
तक्रार – बटण दाबलेलंच राहतं, वर येत नाही.

अंगठा ठेवून पाहिला.
प्लॅस्टिकला खोलगट ठसा होता,
माझ्या अंगठ्यापेक्षा मोठा.

नियमाप्रमाणे बटण बदललं, तपासलं, सही केली.
जुनं भंगाराच्या डब्यात टाकायचं असतं.
ते ड्रॉवरमध्ये आहे, टाचण्यांशेजारी.
फुगेंना सांगितलेलं नाही.